भुंगेऱ्यांचा दिग्दर्शक : लादिस्लास स्टारेविच



पावसाळ्याच्या सुरुवातीला रात्री दिव्याभोवती किडे जमतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. त्यांत कधी कधी एखादा मोठा, काळा, चकचकीत भुंगेरा असतो. तो धाडकन भिंतीवर आपटतो, उताणा पडतो आणि सहाही पाय हवेत हलवत राहतो. घरातील कोणीतरी त्याला केरसुणीने बाहेर लोटते. सकाळी तो अंगणात मरून पडलेला दिसतो आणि मुंग्या त्याला ओढून नेत असतात.

अशा मेलेल्या भुंगेऱ्याकडे आपण पुन्हा वळून पाहत नाही. परंतु शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाने पाहिले. त्याने तो भुंगेरा उचलून टेबलावर ठेवला, त्याच्या पायांत बारीक तार बसवली आणि त्याला चालायला लावले. पुढे त्याचे भुंगेरे तलवारी घेऊन लढले. त्याचा नाकतोडा सायकलवर बसला. हे सारे चित्रपटाच्या पडद्यावर घडले आणि मोठमोठ्या शहरांतील शहाणी माणसे ते डोळे फाडून पाहत राहिली. या माणसाचे नाव लादिस्लास स्टारेविच. बाहुल्यांच्या चित्रपटांचा इतिहास सांगणाऱ्याला त्यांच्या नावाला वगळून पुढे जाता येत नाही.

त्यांचा जन्म ८ ऑगस्ट १८८२ रोजी मॉस्को शहरात झाला. त्यांचे आईवडील पोलिश होते. त्या काळी पोलंड व लिथुआनिया या प्रदेशांचा मोठा भाग रशियाच्या झारच्या राज्यात मोडत असे. लहानपणीच त्यांची आई वारली. मग आजीने त्यांना लिथुआनियातील कोव्हनो या गावी वाढवले. हे गाव आज कौनास या नावाने ओळखले जाते. शाळेच्या शिक्षणासाठी ते काही काळ दोरपात येथेही होते. हे ठिकाण आज एस्टोनिया देशात आहे आणि त्याचे नाव तार्तू असे आहे.

लहानपणापासून त्यांना दोन नाद होते. एक चित्रे काढण्याचा आणि दुसरा किडे गोळा करण्याचा. पुस्तकात डोके घालायचे सोडून किड्यांच्या मागे धावणारा मुलगा घरच्यांना फारसा आवडत नसतो. तुमच्या वर्गातही असा एखादा मुलगा असेल. स्टारेविच यांच्या बाबतीत मात्र याच दोन नादांतून सारे आयुष्य उभे राहिले.

मोठेपणी ते कोव्हनोच्या संग्रहालयासाठी काम करू लागले. चित्रपट ही त्या वेळी अगदी नवी गोष्ट होती. पॅरिसमध्ये ल्यूमिए बंधूंनी पहिला जाहीर खेळ केला तो १८९५ साली. म्हणजे चित्रपटाचे वय तेव्हा जेमतेम पंधरा वर्षे होते. संग्रहालयासाठी आपल्या भागातील निसर्ग व प्राणी यांचे लहान लहान चित्रपट काढावेत, असे स्टारेविच यांनी ठरवले. १९१० च्या सुमारास त्यांनी त्यासाठी एक विषय निवडला. तो विषय होता दोन भुंगेऱ्यांची झुंज.

हा भुंगेरा साधासुधा नव्हता. युरोपच्या जुन्या ओक वृक्षांच्या जंगलात एक मोठा भुंगेरा राहतो. त्याची अळी कुजलेल्या लाकडात काही वर्षे वाढते, पण पंख फुटून बाहेर आलेला भुंगेरा एखादा उन्हाळाच जगतो. नराचे जबडे इतके लांब व फाटे फुटलेले असतात की, ते हरणाच्या शिंगांसारखे दिसतात. मादीसाठी दोन नर या शिंगांनी एकमेकांना धरतात, उचलतात आणि फांदीवरून खाली फेकून देतात. दोन पहिलवानांची कुस्तीच म्हणा ना! शास्त्रज्ञांनी या भुंगेऱ्याचे लॅटिन नाव लुकानुस सेर्व्हुस असे ठेवले आहे.

स्टारेविच यांनी असे दोन नर आणले, कॅमेरा लावला आणि दिवे पेटवले. झाले! भुंगेरे जागच्या जागी थिजले. हे प्राणी संध्याकाळी व रात्री हिंडणारे. प्रखर उजेड पडला की ते हालचाल बंद करतात. उजेड नसेल तर त्या काळच्या फिल्मवर काहीच उमटत नसे. दिवे लावावेत तर कुस्ती नाही आणि दिवे विझवावेत तर चित्र नाही, असा पेच पडला. पुन्हा पुन्हा प्रयत्न करूनही भुंगेरे काही लढेनात.

दुसरा कोणी असता तर त्याने विषय बदलला असता. फुलपाखरे दिवसा उडतात, त्यांचे चित्रण करून मोकळा झाला असता. स्टारेविच यांना मात्र एक चित्रपट आठवला. फ्रान्सचे एमिल कोल यांनी १९०८ साली आगकाड्यांचा एक लहान चित्रपट काढला होता. त्यात काड्यांना हात लावणारे कोणी दिसत नसे आणि तरीही काड्या आपोआप हलत. आगकाडीला तर जीव नसतो. मग ती हलते कशी?

याचे उत्तर तुम्ही स्वतःच शोधून पाहा. कंपासपेटीतील खोडरबर बाकावर ठेवा. मोबाईल एका जागी घट्ट टेकवून त्याचा एक फोटो घ्या. मग खोडरबर नखभर पुढे सरकवा आणि दुसरा फोटो घ्या. पुन्हा नखभर सरकवा, पुन्हा फोटो घ्या. असे वीस-पंचवीस फोटो झाले की ते एकामागून एक भराभर पाहा. खोडरबर चालू लागेल! तुमचा हात कुठल्याच फोटोत नाही, कारण फोटो घेताना तुम्ही तो दर वेळी बाजूला केला होता. डोळ्याला दिसते ते एवढेच, की खोडरबर आपल्या मनाने बाकावरून निघाले आहे. या पद्धतीला स्टॉप मोशन म्हणतात. थांबायचे, सरकवायचे, टिपायचे आणि पुन्हा थांबायचे.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनीही १९१५ साली याच पद्धतीने 'आगकाड्यांची मौज' नावाचा लहान चित्रपट काढला होता. तो आज उपलब्ध नाही. आगकाडीसारखी क्षुल्लक वस्तू त्या काळच्या कलावंतांना किती विचार करायला लावीत होती पाहा.

आगकाडी सरकवता येते, तर भुंगेरा का नाही? स्टारेविच यांनी मेलेले भुंगेरे घेतले. माणसाची हाडे आत असतात आणि मांस बाहेर. किड्याचे उलटे आहे. त्याचे कठीण कवच बाहेरच असते. त्यामुळे वाळल्यावरही त्याचा आकार बिघडत नाही आणि चकाकी तशीच राहते. स्टारेविच यांनी भुंगेऱ्याचे पाय व जबडे अलगद सुटे केले आणि मेण व तार यांच्या साहाय्याने ते पुन्हा जागच्या जागी जोडले. आता पाय हव्या त्या बाजूला वळू लागला आणि वळवला की तसाच राहू लागला. तारेमुळे तो वळे आणि मेणामुळे टिके. किड्यांच्या अंगाची बारीक रचना लहानपणापासून पाहिलेली असल्याने खरा भुंगेरा कोणता पाय आधी उचलतो आणि झुंजताना डोके कसे खाली घालतो, हे त्यांना ठाऊक होते. तो नाद आता कामी आला.

अशा रीतीने 'लुकानुस सेर्व्हुस' हा चित्रपट तयार झाला. तो आज हरवला आहे. पण ज्या कलेत पुढे स्टारेविच यांनी जन्म घालवला, तिची सुरुवात त्यांच्यापुरती येथून झाली. शास्त्राचा एक धडा मुलांना दाखवायचा म्हणून काढलेला चित्रपट, आणि त्यातून गोष्टी सांगण्याची एक नवी रीत सापडली.

१९११ साली ते मॉस्कोला गेले आणि चित्रपट व्यावसायिक अलेक्सांद्र खानझोन्कोव यांच्या कंपनीत काम करू लागले. १९१२ साली त्यांचा 'सुंदर लुकानिदा' हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात भुंगेऱ्यांची राणी आहे, सरदार आहेत, प्रेम आहे आणि किल्ल्यावरचे युद्धही आहे. थोडक्यात, राजेरजवाड्यांच्या मोठमोठ्या नाटकांची ही गंमतच होती. लोक तो पाहून चकित झाले. हे किडे खरे आहेत, जिवंत आहेत आणि कोणीतरी सर्कशीतल्या प्राण्यांप्रमाणे त्यांना शिकवून तयार केले आहे, असे कित्येकांना वाटले. वर्तमानपत्रांतूनही तसे छापून आले. जे जिवंत भुंगेरे कोव्हनोत दिव्यापुढे हलायला तयार नव्हते, त्यांच्या मेलेल्या भाऊबंदांना पाहून लोक म्हणत होते की हे केवढे हुशार किडे!

त्याच वर्षी आलेला 'कॅमेरामनचा सूड' हा त्यांचा चित्रपट मला जास्त आवडतो. त्याची लांबी सुमारे बारा मिनिटे आहे. एक भुंगेरा कामाच्या निमित्ताने वारंवार शहरात जातो. खरे तर तो तेथे एका नर्तकीला भेटायला जात असतो. ही नर्तकी म्हणजे चतुर, तळ्याकाठी उडणारा तो लांब शेपटीचा कीटक. एक नाकतोडा भुंगेऱ्यावर चिडलेला असतो. नाकतोडा म्हणजे तुम्ही घरी ज्याला टिड्डा म्हणता तोच. हा टिड्डा चित्रपटाचा कॅमेरामन असतो. तो सायकलवरून भुंगेऱ्याचा पाठलाग करतो, तिपाई उभी करतो आणि गुपचूप सारे टिपून ठेवतो. इकडे भुंगेऱ्याची बायकोही काही साधी नसते. भुंगेरा मात्र घरी येऊन तिलाच रागावतो! शेवटी तो मोठ्या मनाने तिला क्षमा करतो आणि सिनेमा दाखवायला नेतो. आता तेथे सिनेमा दाखवणारा कोण असेल? तोच टिड्डा. पडद्यावर भुंगेऱ्याची सारी चोरी सर्वांसमोर दिसते. मग छत्रीचा मार, पळापळ, आग आणि शेवटी नवराबायको दोघेही तुरुंगात.

हा चित्रपट पाहताना आपण हसतो, पण थोडे बिचकतोही. कारण पडद्यावर बाहुली नाही, खराखुरा किडा आहे. त्याच्या चेहऱ्यावर राग दिसत नाही, दुःख दिसत नाही. किड्याचा चेहरा कधी हलतो का? तरीही तो दार लोटून आत येतो तेव्हा तो रागावला आहे हे आपल्याला कळते. ते त्याच्या पायांवरून कळते, मिशांवरून कळते, मान वळवण्याच्या वेगावरून कळते. मूकपटाच्या काळात एका सेकंदासाठी साधारण सोळा चित्रे लागत. त्या हिशोबाने बारा मिनिटांसाठी साडेअकरा हजार चित्रे होतात. प्रत्येक चित्राच्या आधी कोणीतरी वाकून, श्वास रोखून, चिमट्याने एकेक पाय केसभर हलवलेला असतो. ही मेहनत पडद्यावर दिसत नाही, तिचा थोडासा थरथराट तेवढा दिसतो. मला वाटते, या विचित्र चित्रपटांची खरी गोडी त्या थरथराटात आहे. आज संगणकावर काढलेली चित्रे लोण्यासारखी सरकतात. स्टारेविच यांचा भुंगेरा अडखळत चालतो आणि म्हणूनच त्याच्या मागे माणूस असल्याचे जाणवते.

१९१३ साली त्यांनी 'नाकतोडा आणि मुंगी' ही तुमच्या ओळखीची गोष्ट पडद्यावर आणली. उन्हाळाभर सारंगीसारखे वाद्य वाजवत फिरणारा नाकतोडा हिवाळ्यात मुंगीच्या दारी जातो आणि मुंगी दार लावून घेते. पडद्यावर बर्फ पडत असतो. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मुंगी बरोबर वाटते. चित्रपटात मात्र त्या वाद्याला कवटाळून बसलेल्या नाकतोड्याचीच बाजू घ्यावीशी वाटते. या चित्रपटाबद्दल झारने स्टारेविच यांचा गौरव केला. याच काळात त्यांनी माणसांना घेऊनही अनेक चित्रपट काढले. गोगोल या लेखकाच्या कथेवरील 'नाताळची आदली रात्र' हा त्यांतील एक.

पुढे १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. १९१७ साली रशियात क्रांती झाली, झारची सत्ता गेली आणि देशात यादवी माजली. चित्रपटसृष्टीतील पुष्कळ लोक मॉस्को सोडून काळ्या समुद्राच्या काठी याल्टा येथे गेले. स्टारेविच कुटुंबही गेले. तेथेही सैन्य येऊ लागल्यावर त्यांना देश सोडावा लागला. इटलीमार्गे ते फ्रान्समध्ये आले. १९२० मध्ये स्टारेविच पॅरिसजवळ होते. ज्या शहरांत त्यांचे नाव झाले होते ती मागे राहिली. बरोबर पत्नी आना व दोन मुली होत्या. थोरलीचे नाव इरेन, धाकटीचे जान.

परक्या देशात, दुसऱ्या भाषेत काम करणे म्हणजे काय, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको. मराठीच्या तासाला एखादा शब्द ओठांवर येऊन अडकतो, तेव्हा कसे वाटते ते आठवा. माणसांचा चित्रपट काढायचा तर नटांशी बोलावे लागते, कामगारांना समजवावे लागते, दहा जणांचे मन राखावे लागते. बाहुलीला भाषा लागत नाही. फ्रान्समध्ये स्टारेविच पुन्हा बाहुल्यांकडे वळले, त्यामागे हेही एक कारण असावे असे मला वाटते. व्लादिस्लाव हे आपले नाव मात्र त्यांनी फ्रेंच वळणाने लादिस्लास असे लिहायला सुरुवात केली.

१९२४ साली हे कुटुंब पॅरिसजवळच्या फोंतने-सू-ब्वा या गावी राहायला गेले आणि कायमचे तेथेच राहिले. घर हाच त्यांचा स्टुडिओ होता. मोठमोठ्या कंपन्यांत शेकडो माणसे राबत असत. येथे सारे काम घरातल्या माणसांनी चाले. स्टारेविच बाहुल्यांचे सांगाडे बनवत, त्यांच्या चेहऱ्यांवर मऊ चामडे चढवत. चामडे ताणता येत असल्याने बाहुलीचे ओठ व भुवया हलू शकत. आना बाहुल्यांचे इवलेसे कपडे शिवीत. इरेन वडिलांच्या हाताखाली बाहुल्या हलवायला शिकली आणि पुढे जन्मभर त्यांची सहकारी झाली. धाकटी जान चित्रपटांत काम करी. पडद्यावर तिचे नाव नीना स्टार असे असे.

आता किड्यांबरोबर बेडूक, उंदीर, पक्षी आणि कुत्रेही आले. १९२२ च्या एका चित्रपटात बेडूक देवाकडे राजा मागतात. देव त्यांना लाकडाचा ओंडका देतो. हा राजा काहीच करत नाही, म्हणून बेडूक पुन्हा तक्रार करतात. मग देव करकोचा पाठवतो आणि तो प्रजेलाच खाऊ लागतो. गोष्ट फार जुनी आहे. पण ती सांगणाऱ्याने झारचे राज्य पाहिले होते, क्रांती पाहिली होती आणि यादवी युद्धातून जीव वाचवून तो आला होता, हे लक्षात ठेवून ती पाहिली तर हसू ओठांवरच थांबते.

'नाइटिंगेलचा आवाज' या १९२३ सालच्या चित्रपटात नीना स्टार एका पाखराला पकडून पिंजऱ्यात ठेवते. स्वप्नात ते पाखरू तिला आपली कहाणी सांगते आणि सकाळी ती पिंजरा उघडते. या चित्रपटातील रंग हातांनी भरलेले आहेत. त्याला १९२५ साली अमेरिकेत पदक मिळाले.

त्यांचा कोणता चित्रपट आधी पाहावा असे मला कोणी विचारले, तर मी १९३३ सालच्या 'फेतीश'चे नाव घेईन. फेतीश हे एका कापडी कुत्र्याचे नाव आहे. एक गरीब बाई घरी खेळणी शिवून पोट भरते. तिची लहान मुलगी आजारी आहे आणि तिला संत्रे हवे आहे. आईजवळ पैसे नाहीत. शिवता शिवता तिच्या डोळ्यांतून पाणी येते. एक थेंब अर्धवट शिवलेल्या कुत्र्याच्या आत पडतो आणि त्याचे काळीज होतो. कुत्रा जिवंत होतो, पण हे कोणालाच ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी सारी खेळणी विक्रीला जातात. कुत्र्याच्या मनात एकच गोष्ट असते, संत्रे!

पुढे तो पॅरिसच्या रस्त्यांवर येतो. भोवती खऱ्या मोटारींची चाके व खऱ्या माणसांचे पाय आहेत आणि त्यांच्यामधून हा वीतभर कुत्रा धावतो आहे. कसेबसे त्याला संत्रे मिळते. तोवर रात्र होते आणि तो सैतानाच्या मेजवानीत जाऊन पोहोचतो. शहराने फेकून दिलेला सारा कचरा तेथे जिवंत झालेला असतो. माशांचे काटे नाचतात, कोंबडीची हाडे उठून चालू लागतात, गवताच्या काड्यांची माणसे होतात. सगळ्यांची नजर त्या संत्र्यावर. कुत्रा ते पोटाशी धरून बसतो.

हा चित्रपट मी एकदा नववीच्या वर्गाला दाखवला. सुरुवातीला मुले खूप हसली. कुत्र्याच्या चालण्याची नक्कलही एकाने करून दाखवली. कचऱ्याची मेजवानी सुरू झाली तेव्हा मागच्या बाकावरचा आवाज बंद झाला. कुत्रा दमून, फाटून, संत्रे घेऊन घराच्या दाराशी आला, तेव्हा वर्गात कोणी हसत नव्हते. तास संपल्यावर एका मुलाने मला विचारले की, कुत्रा कापडाचा आहे हे ठाऊक असूनही मला त्याची काळजी का वाटली? मी त्याला तेव्हा नीटसे उत्तर देऊ शकलो नाही.

स्टारेविच यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे 'कोल्ह्याची गोष्ट' हा सुमारे तासाभराचा चित्रपट. मध्ययुगापासून फ्रान्समध्ये रेनार नावाच्या लबाड कोल्ह्याच्या कथा प्रसिद्ध आहेत. सिंह राजा आहे. प्राण्यांनी एकमेकांना खाऊ नये, असे फर्मान तो काढतो. रेनार ते मानत नाही. लांडग्याला, अस्वलाला, कोंबड्याला, सर्वांना तो फसवतो. शेवटी राजा सैन्य घेऊन त्याच्या किल्ल्यावर चालून जातो आणि तेथेही त्याला हार खावी लागते. मग राजा काय करतो? रेनारला मंत्रीच करून टाकतो!

१९२९ व १९३० या वर्षांत अठरा महिने खपून बापलेकीने या चित्रपटाचे बाहुल्यांचे काम पूर्ण केले. बोलपटात एका सेकंदाला चोवीस चित्रे धावतात. म्हणजे तासाभरासाठी ८६,४०० चित्रे. तुम्ही वीस फोटोंसाठी खोडरबर सरकवून पाहिले असेल, तर तुमच्या पाठीला या आकड्याचा अर्थ कळेल.

आणि येथेच नशिबाने हात आखडता घेतला. त्याच सुमारास बोलपट आला होता. निर्मात्याने आवाजासाठी जी पद्धत निवडली, ती नीट जमली नाही. चित्र तयार होते, पण त्याला वाचा नव्हती. असा तो चित्रपट कित्येक वर्षे पडून राहिला. शेवटी जर्मनीतून पैसा मिळाला आणि एप्रिल १९३७ मध्ये बर्लिन येथे तो प्रथम दाखवला गेला. फ्रेंच कोल्हा पहिल्यांदा बोलला तो जर्मन भाषेत! फ्रेंच आवाजासह तो फ्रान्समध्ये आला तेव्हा १९४१ साल उजाडले होते. दुसरे महायुद्ध चालू होते आणि पॅरिस जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. मधल्या काळात रशियात 'नवा गलिव्हर' (१९३५) हा बाहुल्यांचा मोठा चित्रपट येऊन गेला होता. ज्यांचे काम आधी झाले, त्यांचे नाव नंतर घेतले गेले. याबद्दल वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

युद्धानंतर स्टारेविच यांनी पुन्हा काम सुरू केले. वय पासष्टीच्या घरात होते. १९४९ च्या 'नेच्याचे फूल' या चित्रपटाला पुढच्या वर्षी व्हेनिसच्या बालचित्रपट महोत्सवात पारितोषिक मिळाले. नेचा ही ओलाव्यात वाढणारी वनस्पती आहे. तिला खरे म्हणजे फूल येतच नाही. पण वर्षातील एका रात्री ते फुलते आणि ज्याला सापडते त्याच्या इच्छा पूर्ण होतात, अशी पूर्व युरोपातील लोकांची समजूत आहे. ज्या मुलखात आजीने त्यांना वाढवले, त्याच बाजूची ही गोष्ट. तो मुलूख सोडून त्यांना तीस वर्षे झाली होती.

फोंतने-सू-ब्वाच्या त्या घरात दिवे लागत राहिले आणि इरेन शेजारी उभी राहत राहिली. ऐंशी वर्षे उलटल्यावरही स्टारेविच यांनी एक नवा चित्रपट हाती घेतला. त्याचे नाव होते 'कुत्र्या-मांजरासारखे'. तो चालू असतानाच २६ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांचे निधन झाले. इरेन त्यानंतर १९९२ पर्यंत जगली. कुत्र्या-मांजराचा तो चित्रपट मात्र अपुराच राहिला.